आमच्या घरचं मशीन एसी नाहीये साहेब: ऊर्जामंत्र्यांना खुलं पत्र

मा. ऊर्जामंत्री महोदय, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

हिवाळी अधिवेशनाला तुम्ही सगळे नागपुरात येता, यशवंत स्टेडियमवरून मोर्चे निघतात, टेकडी रोडवर पोलीस अडवतात, मग कोणीतरी मंत्री येऊन निवेदन घेतात आणि पेपरात फोटो येतो. आमच्यासारख्यांचा मोर्चा काही निघणार नाही, कारण ज्यांच्यासाठी काढायचा ते बेडपासून बाथरूमपर्यंत गेले की भिंत धरून उभे राहतात, आणि जे त्यांना सांभाळतात त्यांना दोन तास घर सोडायचं म्हटलं तरी शेजारच्या वहिनींना बसवून जावं लागतं. म्हणून घरी ऑक्सिजनच्या मशीनवर असलेल्या पेशंटच्या विजेबद्दल हे पत्रच लिहून राहिलो.

माझ्या बायकोला सीओपीडी आहे, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या आकसून दम लागतो तो फुप्फुसांचा आजार. हे नाव सांगितलं की लोकांचा पहिला प्रश्न, सिगारेट वगैरे ओढायच्या का हो वहिनी? नाही ओढली कधी, बिडी नाही न् काही नाही. उमरेडकडचं माहेर, लहानपणापासून चुलीपुढे, पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या, पावसाळ्यात तर ओलं लाकूड फुंकणीने फुंकून फुंकून डोळे लाल. लग्न होऊन इथं आली तर एका खोलीत कोळशाची शेगडी आणि रॉकेलचा स्टोव्ह, खिडकी एकच आणि ती पण गल्लीत उघडणारी. गॅस आला तो फार उशिरा. उज्ज्वला योजना 2016 मध्ये सुरू झाली, चांगलं झालं, पुढच्या मुली वाचतील, पण आमच्या वयाच्या बायकांची फुप्फुसं तोवर जायची ती गेलेली होती आणि ती परत येत नाहीत. तोंडाने ओढायच्या औषधाच्या पंपाने श्वासनळ्या थोड्या मोकळ्या होतात एवढंच.

नंतर एक वेळ अशी येते की पंपाने भागत नाही. रक्तातला ऑक्सिजन कायमच 88 टक्के किंवा त्याच्या खाली राहायला लागला की डॉक्टर घरी ऑक्सिजन लावायला सांगतात, आणि तो दिवसातून तासभर नाही, कमीत कमी 15 तास. हे डॉक्टरच्या मनात आलं म्हणून नाहीये. 1980 आणि 1981 साली अमेरिका आणि ब्रिटनमध्ये दोन अभ्यास झाले, त्यात दिसलं की असा ऑक्सिजन घेणारे पेशंट जास्त जगतात, तेव्हापासून जगभर हेच चालतं. म्हणजे हा उपचार आहे, नाकातली नळी म्हणजे आमच्या घरचं औषध आहे, आणि हे औषध मेडिकल स्टोअरमधून येत नाही, तुमच्या खात्याच्या मीटरमधून येतं.

मशीनचं नाव ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर. सिलिंडर नाही ते, लोक गोंधळ करतात. हे खोलीतली हवा ओढतं, हवेत 78 टक्के नायट्रोजन आणि 21 टक्के ऑक्सिजन असतो, आत झिओलाइट नावाचे खडे भरलेले असतात ते नायट्रोजन धरून ठेवतात आणि नळीतून नव्वद टक्क्यांच्या वर शुद्ध ऑक्सिजन येतो. पण त्यासाठी आतला कॉम्प्रेसर सतत चालावा लागतो. आमचं मिनिटाला 5 लिटर देणारं मशीन आहे, कोविडनंतर एकांनी विकायला काढलं होतं ते घेतलं. साधारण 350 वॅट खातं. रोजचे 16 तास धरा, 5.6 युनिट झाले, महिन्याचे 168 युनिट. फक्त नाकात हवा जायला.

आता गंमत बघा. घरगुती दराचे स्लॅब आहेत, 100 युनिटपर्यंत एक, मग 300 पर्यंत, मग 500 पर्यंत, आणि वर चढाल तसं युनिट महाग. आम्ही दोघंच म्हातारे, एक फ्रिज, दोन पंखे, टीव्ही, पहिले 100 युनिट घरातच संपतात, आणि मशीनचे 168 सगळेच्या सगळे त्याच्या वर जातात. त्यातलं एक युनिट पण स्वस्त स्लॅबमध्ये बसत नाही. स्लॅबमागचा विचार मला मान्य आहे, जो जास्त उधळतो त्यानं जास्त भरावं. पण इथं उधळतंय कोण?

बिल डबलच्या वर झालं तेव्हा मी वीज ऑफिसात गेलो. काउंटरवरचा पोरगा चांगला होता, बिल बघून म्हणाला, "काका, नवीन एसी लावला असंल तुम्ही." मी डॉक्टरची चिठ्ठी दाखवली. त्यानं ती दोन्ही बाजूंनी पाहिली, मागं काही लिहिलंय का म्हणून, आणि म्हणाला की सिस्टीममध्ये असं काही ऑप्शनच नाहीये. खरंच नव्हतं, त्यानं स्क्रीन माझ्याकडे फिरवून दाखवली. शेतीचं ऑप्शन आहे, दुकानाचं आहे, पिठाच्या गिरणीचं आहे, घरी मशीनवर असलेल्या पेशंटचं नाही. त्या पोराचा काय दोष, ते ऑप्शन टाकणं तुमच्या हातात आहे.

उन्हाळ्याचं तर सांगू नका. हे मशीन साधारण 40 डिग्रीपर्यंतच चालवायचं असं पुस्तिकेत लिहिलेलं असतं. नागपुरात नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ दिवसांत, बाहेर 45 असते आणि पत्र्याखाली किंवा वरच्या मजल्यावर घरात पण चाळीसच्या आसपास. मशीन स्वतः मागून गरम हवा फेकतं ते वेगळं. म्हणजे कूलर मशीनसाठी लावा, कूलरची ओल तिला सोसत नाही, दम लागतो, मग कूलर पलीकडच्या खोलीत ठेवून मधलं दार अर्धं उघडं ठेवायचं, असे सगळे प्रयोग आम्ही करतो. खरं म्हणजे एसीच पाहिजे, काउंटरवरच्या पोराचं ऐकायला हवं होतं. पण माझी पेन्शन ईपीएस-95 ची, म्हणजे पीएफवाल्यांची आहे, ती किती असते ते तुम्हाला कोणीतरी सांगेल, त्यासाठीचे मोर्चे पण दरवर्षी तुमच्यासमोर येतात.

आणि लाईन जाते तेव्हा. तुमच्याकडे ते "फीडर ट्रिप" म्हणून लिहिलं जात असंल. आमच्याकडे काय होतं ते सांगतो. मशीन एक लांब, सरळ आवाज काढतं, अलार्मची स्वतःची छोटी बॅटरी असते त्यात. तो आवाज झोपेतही ऐकू येतो, आता तर कुकरची शिट्टी झाली तरी मी आधी तिच्या खोलीकडे पळतो. मोबाईलचा टॉर्च दातात धरायचा, कोपऱ्यातल्या सिलिंडरची चावी फिरवायची, फ्लोमीटरमधली गोळी दोनच्या रेषेवर आणायची, जास्त नाही, कारण या आजारात ऑक्सिजन जास्त दिला तर कार्बन डायऑक्साइड अंगात साठतो, डॉक्टरांनी 88 ते 92 मध्येच ठेवा असं बजावून सांगितलंय. मग मशीनची नळी काढून सिलिंडरला जोडायची. तेवढ्या वेळात बोटावरच्या ऑक्सिमीटरचा आकडा 90 वरून 84, 82 असा उतरत असतो आणि ती माझ्याकडे बघत असते. बोलत नाही. बोलायला पण हवा लागते.

छोटा सिलिंडर, ज्याला बी टाइप म्हणतात, त्यात 1500 लिटर असतो. मिनिटाला दोन लिटरनं लावला तर हिशोबाने साडेबारा तास. पावसाळ्यात झाड पडून लाईन रात्री गेली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आली असं आमच्या लेआउटमध्ये झालेलं आहे. इन्व्हर्टर आहे ना, म्हणाल. आहे. 150 ॲम्पिअरची बॅटरी नवी असताना तीनेक तास हे मशीन ओढते, जुनी झाली की तासभर. व्होल्टेज कमी आलं तरी मशीन बंद पडतं, त्यासाठी स्टॅबिलायझर वेगळा. कस्टमर केअरला फोन लावला की बाई म्हणते तक्रार नोंदवली आहे, काम सुरू आहे. किती वेळ लागेल ते सांगा, मला रात्री सिलिंडर शोधायला निघायचं की नाही ते ठरवायचंय, तर ते काही सांगता येत नाही सर.

हे मेहरबानी म्हणून मागत नाहीये, तेही सांगतो. केंद्राचे ग्राहक हक्क नियम 2020 सालचे आहेत, त्यात लिहिलंय की ठरवून वीज बंद करणार असाल तर ग्राहकाला आधी कळवा, आणि अचानक गेली तर एसएमएस करून कधी येईल त्याचा अंदाज द्या. दर ठरवणं वीज नियामक आयोगाचं काम आहे, आमच्या हातात नाही, असं तुमचे अधिकारी सांगतील. बरोबर आहे, पण विद्युत कायदा 2003 चं कलम 65 आहे ना, राज्य सरकार कुठल्याही वर्गाच्या ग्राहकाला सबसिडी देऊ शकतं, फक्त पैसे आधी भरावे लागतात. त्याच्याच आधी कलम 62 आहे, वीज कशासाठी लागते ते बघून आयोगाला दर वेगळा ठेवता येतो. बळीराजा योजनेत 7.5 हॉर्सपॉवरपर्यंतच्या शेतीपंपाचं बिल तुम्ही 2024 पासून माफ केलं. माझा भाऊ शेती करतो, त्याला फायदा झाला, माझी अजिबात तक्रार नाही. आमचं मशीन अर्ध्या हॉर्सपॉवरचं पण नाहीये एवढंच सांगतो. केरळमध्ये घरी जीवरक्षक यंत्र लागणाऱ्या पेशंटला त्या यंत्राची वीज मोफत देतात. ब्रिटनमध्ये कॉन्सन्ट्रेटरला लागलेल्या विजेचे पैसे पेशंटला परत मिळतात. आणि आम्ही तर कोराडी वीज केंद्राच्या पायथ्याशी राहतो साहेब, गच्चीवरून चिमण्या दिसतात, 660 मेगावॉटचे तीन संच तिथं आहेत, राख आम्ही खातो आणि वीज साऱ्या राज्याला जाते.

आरोग्य खात्याकडे जा म्हणाल तर तिकडचं पण ऐका. महात्मा फुले योजना भरती झाल्यावर उपयोगाची. आयुष्मानमध्ये सुट्टी झाल्यावर 15 दिवसांपर्यंतचा खर्च येतो. म्हणजे लाईन गेली, तिची तब्येत बिघडली, आयसीयूत टाकलं तर सरकार हजारो रुपये द्यायला तयार, आणि ती घरी बरी राहावी म्हणून लागणाऱ्या 168 युनिटला कोणी विचारत नाही. दिव्यांग प्रमाणपत्र काढा असं एकांनी सुचवलं, तर 2016 च्या कायद्यात 21 प्रकार आहेत, त्यात सिकलसेल आहे, आपल्या विदर्भाला त्याची गरजच होती, पण फुप्फुसाचा आजार नाही. चार पावलं चालता न येणारी बाई कागदावर धडधाकट आहे.

लोकांना वाटतं सेवा म्हणजे औषधं देणं, पाणी देणं. घरात काय काय बदलतं ते दिसत नाही. ऑक्सिजनजवळ ज्योत चालत नाही म्हणून ती गॅसजवळ जाऊ शकत नाही, चाळीस वर्षं स्वयंपाक केलेली बाई आता सात मीटरच्या नळीच्या टोकाला खुर्ची टाकून बसते आणि मला तिथून सांगते, मोहरी जळाली, आलू पातळ चिरा, सांबार, म्हणजे कोथिंबीर, आता नका टाकू, शेवटी टाका. देवघरातली समई मी बाहेरच्या ओट्यावर नेली, त्यावरून ती आठ दिवस रुसली होती. आता छोटा लाइटवाला दिवा लावलाय, तोही तुमच्याच मीटरवर.

तर मागणं एवढंच आहे. ज्यांच्या घरी डॉक्टरच्या सांगण्यावरून कॉन्सन्ट्रेटर किंवा बायपॅप, म्हणजे मास्कमधून श्वासाला जोर देणारं मशीन, चालतं त्यांची वीज ऑफिसात नोंद करा. मशीनचा वापर वॅट आणि तासांवरून काढता येतो, तेवढे युनिट बिलातून वगळा किंवा सगळ्यात खालच्या स्लॅबमध्ये मोजा. लाईन बंद ठेवायची असेल तर आदल्या दिवशी त्या नंबरवर कळवा, फॉल्ट झाला तर किती तास लागतील ते खरं सांगा, मोठा फॉल्ट असेल तर त्या घरी आधी पोचा. बिल थकलं म्हणून अशा घराची लाईन नुसत्या 15 दिवसांच्या नोटिशीवर कापू नका, आधी माणूस पाठवून बघा आत कोण आहे. खोटे अर्ज येतील ही भीती असेल तर नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी हॉस्पिटलच्या छाती विभागाचं सर्टिफिकेट मागा, आम्ही आणून देऊ.

फक्त फॉर्म एका पानाचा ठेवा. आणि दरवर्षी पेशंट हयात आहे का ते बघायला तिला ऑफिसात बोलावू नका, ज्येष्ठ नागरिकांना घरपोच सेवा द्यायची असं त्याच 2020 च्या नियमांत लिहिलेलं आहे. माणूस पाठवा, मी चहा करतो, आता बरा जमतो. यायच्या आधी फोन करायला सांगा, दारातून मास्क लावून यावं लागेल.

आपला,
एका पेशंटचा नवरा आणि आपला वीज ग्राहक
झिंगाबाई टाकळी, नागपूर