काका, तुमची वही अजून माझ्याकडेच आहे

काका,

समोर बसून हे बोलता आलं नसतं. तुम्ही "सोड रे" म्हणून विषय बदलला असता. म्हणून लिहितोय.

मार्चमधला तो मंगळवार तुम्हाला आठवतही नसेल. डोंबिवलीच्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या शेअर ब्रोकरच्या ऑफिसात मी एक फॉर्म द्यायला आलो होतो आणि कोपऱ्यात मोबाइलकडे बघत बसून राहिलो होतो. ४१२ ला घेतलेले २०० शेअर, ४०४ चा स्टॉपलॉस (भाव तिथवर उतरला की विकून तोटा तिथेच थांबवायचा), ४२८ चं टार्गेट (तिथे विकून नफा घ्यायचा). अकराच्या सुमारास भाव ४२४.५० ला गेला आणि तिथेच ठाण मांडून बसला. ४२३, ४२४, परत ४२३. दीडनंतर उतरायला लागला आणि पावणेतीनला स्टॉपलॉस उडाला. अडीच हजारांचा नफा दिसत होता, हातात आला सोळाशेचा तोटा, वर ब्रोकरेज. तेव्हा कळलं की तुम्ही मागे उभे आहात. किती गेले, हे तुम्ही विचारलं नाहीत. "भाव वरती किती वेळ थांबला होता रे?" एवढंच.

दोन वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. ज्या 'सरां'च्या क्लासला मी २५ हजार भरले, त्यांचं एकच पालुपद: टार्गेट नाहीतर स्टॉपलॉस, मध्ये हात लावायचा नाही. टार्गेटच्या तोंडाशी येऊन भाव अडला तर काय करायचं, असं ग्रुपवर विचारलं, तर उत्तर आलं, "भीती वाटत असेल तर एफडी करा." पुन्हा विचारलं, तर ग्रुपमधूनच काढलं. रोज संध्याकाळी नफ्याचे स्क्रीनशॉट मात्र न चुकता. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या जुलै २०२४ च्या अभ्यासात आहे की २०२२-२३ मध्ये शेअरमध्ये इंट्राडे, म्हणजे त्याच दिवशी घेऊन विकण्याचे सौदे, करणाऱ्या दहातल्या सात जणांना तोटा झाला. मग या सरांच्या ग्रुपात उरलेले तीनच कसे काय जमले होते, देव जाणे.

आणि तुम्ही काय केलंत? पिशवीतून ती निळ्या पुठ्ठ्याची वही काढून माझ्या हातात दिलीत आणि "चहा सांगून येतो" म्हणून खाली गेलात. गुडघा धरत, कठड्याला हात लावत. वहीत ओळीनं तुमचे तोटे. तारीख, भाव आणि शेवटच्या रकान्यात लाल पेनानं शेरा. 'सव्वाबाराला थकला, तरी बसलो.' 'अर्धा काढायला हवा होता.' 'लोभ.' एका पानावर तर नुसतं 'लोभ, लोभ' असं चार वेळा. मला हसू आलं आणि मग डोळ्यांत पाणी. वीस मिनिटांनी तुम्ही वर आलात, तोवर मी तोंड धुऊन बसलो होतो.

पुढे त्या ऑफिसात येणं-जाणं वाढल्यावर लक्षात आलं, चहावाला पोऱ्या दर अर्ध्या तासाला स्वतःच वर येतो. त्या दिवशी तुम्हाला खाली उतरायची काहीच गरज नव्हती.

शिकवलंत तेही चहा पिता पिता. १९९५ मध्ये बोल्ट, म्हणजे मुंबई शेअर बाजाराची संगणकावरची सौद्यांची यंत्रणा, येईपर्यंत तुम्ही दलाल स्ट्रीटच्या रिंगमध्ये, जिथे ओरडून सौदे व्हायचे, जॉबरकडे (स्वतःसाठी दिवसभर घेत-विकत राहणाऱ्याकडे) होतात. "तिथे भाव थकला की आधी आवाज बसायचा. आता आवाज नाही, पण चार्टखाली व्हॉल्यूमच्या, म्हणजे किती शेअर हातोहात गेले त्याच्या, काड्या दिसतात ना? त्या बुटक्या व्हायला लागल्या आणि भाव नवा उच्चांक करेना, तर अर्धा माल काढ. उरलेल्याचा स्टॉपलॉस वर आण. पण लगेच गळ्याशी नको आणू, भावालाही श्वास घ्यायला जागा लागते."

मी घरी येऊन जुने सौदे काढले. तोट्यातल्या ३१ पैकी ११ सौदे आधी टार्गेटच्या पाऊण वाटेपर्यंत जाऊन आलेले! बायको म्हणाली, हे तुला दोन वर्षांत दिसलं नाही? नाही दिसलं. मी फक्त शेवटचा आकडा लिहीत होतो. आता माझ्या वहीत एक रकाना जास्त आहे: 'थांबला कधी?'

फार श्रीमंत झालोय असं नाही. गेल्या आठवड्यात अर्धा माल काढला आणि भाव सरळ टार्गेटला जाऊन भिडला. जीव हळहळला. पण हल्ली तीन वाजल्यानंतर घरात कुणावर खेकसत नाही, हे मुलीनंच आजीला सांगितलं म्हणे.

आपला तोटा परक्याच्या हातात द्यायला केवढं मन लागत असेल, काका. नफा दाखवणारे पैशाला पासरी भेटले, तेही फी घेऊन. तुम्हाला तर माझं नावही माहीत नव्हतं.

वही झेरॉक्स करायला म्हणून नेली, ती राहूनच गेली. शनिवारी बाजार बंद असतो, तेव्हा घरी आणून देतो. 'लोभ, लोभ'वालं पान मात्र झेरॉक्स करून माझ्या टेबलासमोर चिकटवलंय. चालेल ना?

तुमचा,
कोपऱ्यातल्या खुर्चीवाला