बाबांच्या पत्रास उत्तर

तीर्थरूप आई व बाबा यांस,
सप्रेम जय ख्रिस्त.

बाबांचे पत्र मिळाले. विश्वास असलेल्या माणसाने अश्रू ढाळू नयेत, असे त्यात लिहिले आहे. फोनवर आपण तिघेही एकमेकांची समजूत घालत बसतो आणि मुख्य बोलणे राहून जाते, म्हणून लिहूनच उत्तर देत आहे.

इकडची हकीकत थोडक्यात अशी, की यांचे डायालिसिस आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास चालते. डाव्या हातावरच्या फिस्टुलावर, म्हणजे डायालिसिससाठी धमनी आणि शीर जोडून केलेल्या जागेवर, मी रोज सकाळी बोटे टेकवून आतली थरथर लागते का, हे पाहते. ती लागली नाही तर तेथे रक्ताची गुठळी झाल्याची शंका धरून लगेच दवाखाना गाठायचा असतो. पाणी मोजून द्यावे लागते. प्रत्यारोपणासाठी नाव नोंदवले आहे, पण मूत्रपिंड केव्हा मिळेल हे कोणीच सांगू शकत नाही.

चर्चच्या मंडळीतली माणसे घरी येतात, प्रार्थना करतात आणि सर्व काही ठीक होईल, असे सांगून जातात. त्यांच्या मायेबद्दल मला शंका नाही, परंतु मला खरा आधार मिळाला तो बायबलमधील 88व्या स्तोत्रातून. 13वे स्तोत्रही आक्रोशानेच सुरू होते, पण शेवटी ते गाण्याकडे वळते. 88वे मात्र वळतच नाही. रात्रंदिवस हाका मारूनही उत्तर आले नाही, जिवलग दूर गेले, मेलेले उठून तुझी स्तुती करणार आहेत काय, असे देवाला विचारून ते अंधारातच संपते. तरीही कोणी ते शास्त्रातून काढून टाकले नाही. हे सारे गाऱ्हाणे ज्याच्याकडे आहे, त्याला पहिल्याच ओळीत आपल्या तारणाचा देव म्हणून हाक मारली आहे. माझी शांती तिथे सुरू झाली. रात्री यांचा श्वास जरा वर लागला की माझे काळीज अजूनही हलते. फरक इतकाच, की ती भीती देवापासून लपवावी लागत नाही.

बाबा, इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा पाचवा अध्याय आपण पुन्हा वाचावा. प्रभू येशूने मोठा आक्रोश करीत व अश्रू गाळीत प्रार्थना केल्या, असे तिथे स्पष्ट लिहिले आहे. गेथशेमाने बागेत त्याने दुःखाचा प्याला टळावा म्हणून तीनदा विनवले, तेव्हा त्याचे मित्र झोपले होते. फिलिप्पैकरांस पत्र लिहिताना प्रेषित पौल स्वतः बंधनात, म्हणजे कैदेत होता. आपली मागणी देवाला कळवा असे तो सांगतो आणि बुद्धीपलीकडच्या शांतीचे वचन देतो, पण मागितलेले मिळेलच असे तिथे म्हणत नाही. हे मी इतकी वर्षे वाचत होते, लक्षात मात्र आता आले.

केडगावच्या मुक्ती मिशनमधील पंडिता रमाबाईंची गोष्ट आपण आम्हाला खंबीरपणाचा धडा म्हणून सांगत असा. दुष्काळात आईवडील गेले, पुढे भाऊ आणि पती गेले, आणि 1921 साली मनोरमा ही एकुलती एक मुलगीही गेली. त्यानंतर वर्षाच्या आतच, एप्रिल 1922 मध्ये, त्या स्वतः वारल्या. तोवर त्यांचे बायबलच्या मराठी भाषांतराचे काम चालूच होते. दुःख गिळून टाकले म्हणून हे त्यांना साधले, असे मला वाटत नाही. ते सोबत घेऊनच त्या कामाला बसत असाव्यात.

डायालिसिसच्या वेळी मी यांच्याजवळ बसून हलक्या आवाजात स्तोत्रे वाचते. शेजारच्या खाटेवरील आजोबा त्याच वेळी हरिपाठ म्हणतात. परवा यंत्राची घंटा वाजली तेव्हा आम्ही दोघेही एकदम थांबलो, परिचारिकेने नळी सरळ केल्यावर त्यांनी मला मानेनेच "चालू द्या" असे खुणावले.

आता आपल्याकडून एकच अपेक्षा आहे. माझ्या काळजीत भर पडू नये म्हणून आईने गुडघ्याचे दुखणे लपवू नये, आणि बाबांनीही "आम्ही मजेत आहोत" एवढेच लिहून पत्र संपवू नये. नाताळला आम्हाला येता येणार नाही, कारण उपचाराचे दिवस सणासाठी पुढे ढकलता येत नाहीत. त्याआधी आईच्या गुडघ्याचा एक्स-रे काढून घ्यावा आणि डॉक्टर काय म्हणाले, ते सविस्तर कळवावे.

आपली कन्या