ऑक्झिंडनच्या शेजारी कोण उभे होते?

प्रिय बंड्यास,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या पत्रांना उत्तर न दिल्याबद्दल तू मनातल्या मनात जे म्हणाला असशील, ते सगळे मान्य. प्रकृती ठीक आहे, रक्तदाबाची गोळी चालू आहे, हिचे गुडघे जसे होते तसेच.

माँट्रियलच्या ललित कला संग्रहालयात केंट मंकमनचे प्रदर्शन पाहून आलो, आणि हे तुझ्याखेरीज कोणाशी बोलावे हे कळेना. हा कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतातल्या फिशर रिव्हर क्री या मूलनिवासी समाजाचा चित्रकार. भिंतभर कॅनव्हास, ॲक्रिलिक रंग, युरोपीय दरबारी चित्रांची सगळी शिस्त, आणि त्या शिस्तीत उंच टाचांचे बूट घालून, बहुधा तेवढेच घालून, वावरणारी मिस चीफ ईगल टेस्टिकल, म्हणजे चित्रातले त्याचेच दुसरे रूप. ही शेजारी होती, त्यामुळे काही चित्रांपुढे मी चौकटीच्या कोरीवकामाचा फार बारकाईने अभ्यास केला.

‘द स्क्रीम’पुढे मात्र थट्टा सुचत नाही. लाल डगलेवाले पोलीस, पाद्री आणि नन आयांच्या हातांतून मुले हिसकावून नेत आहेत. मूलनिवासी मुलांना घरापासून तोडणाऱ्या कॅनडाच्या निवासी शाळांत अशी 1,50,000 हून अधिक मुले घातली गेली. त्या प्रसंगाचे भव्य इतिहासचित्र कोणी रंगवले नव्हते, ते याने 2017 मध्ये रंगवले. न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयासाठी 2019 साली केलेल्या चित्रात तर त्याने चित्रकार लॉइट्झेच्या, डेलावेअर नदी ओलांडणाऱ्या वॉशिंग्टनच्या जागी मिस चीफला उभे केले आहे, आणि तिच्या नावेतले मूलनिवासी पाण्यात पडलेल्यांना वर ओढून घेत आहेत. लॉइट्झेचे 1851 चे मूळ चित्र त्याच संग्रहालयात आहे.

आता तू म्हणशील, म्हणजे शेवटी युरोपचीच रांगोळी गिरवली! जे. जे. च्या अँटिकच्या वर्गात प्लास्टरच्या ग्रीक पुतळ्यांसमोर आपले जे कडाक्याचे भांडण झाले होते, तेच हे. कुंचल्याला जात नसते, असे मी म्हणालो होतो. तू तैलरंगाची पेटी मला देऊन वारली चित्रांच्या डहाणूचा रस्ता धरलास. (पेटी अजून माझ्याकडे आहे, परत मिळणार नाही.) मंकमनने माझी बाजू जिंकून दिली, अशा आनंदात मी होतो. मग प्रदर्शनाला ज्याचे नाव दिले आहे, ते ‘हिस्टरी इज पेंटेड बाय द व्हिक्टर्स’ (इतिहास जेते रंगवतात) हे 2013 चे चित्र नीट पाहिले. एकोणिसाव्या शतकातला अमेरिकी निसर्गचित्रकार बिअरस्टाट याच्या थाटाचे डोंगर आहेत, नागडे गोरे पुरुष पाण्यात डुंबत आहेत आणि मिस चीफ इझलपुढे बसून रंगवते आहे. पण तिच्या कॅनव्हासवर छायाप्रकाश नाही, खोली नाही, उत्तर अमेरिकेच्या मैदानी प्रदेशातल्या मूलनिवासींच्या जुन्या पद्धतीच्या सपाट आकृती आहेत. तेवढ्या हातभर जागेत तू जिंकलास.

आता खरी अडचण. इथल्या मंडळाला सभागृहासाठी राज्याभिषेकाचे मोठे चित्र हवे आहे, ‘अगदी धुरंधरांसारखे’. चित्रकार धुरंधरांचे ते चित्र आपण पाठ केलेले: सिंहासनावर महाराज, खाली वाकून मुजरा करणारा इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडन. ब्रिटिशांच्या शाळेत शिकलेल्या माणसाने इंग्रजाला कडेला वाकवून उभे केले, हे मंकमनच्या कितीतरी आधीचे. पण कोळशाने रेघ मारायला बसलो की हात थांबतो. 1674 मध्ये रायगडावर पालख्या कोणी वाहिल्या, दगड कोणी घडवले, रात्री पहारा कोणी दिला? रामोशी, महार, कोळी यांच्याशिवाय गड चालत नव्हते. मग मानकऱ्यांच्या त्या गर्दीत ते का नाहीत? घालावेत, असे मनात येते. लगेच दुसरा विचार येतो की मंकमन आपल्याच माणसांना आपल्या हाताने नावेत बसवतो, आणि मी मात्र माँट्रियलमध्ये बसून ज्यांच्या घरचे पाणीही आमच्या आजीने घेतले नसते, त्यांनी कुठे उभे राहायचे हे पुन्हा मीच ठरवणार. न घालावे तर तीच जुनी गर्दी. समितीला यातले काही ऐकायचे नाही. त्यांना फक्त जिरेटोपाचा रंग ठरवायचा आहे, त्यावर मात्र तीन मते आहेत.

तुझ्या इमारतीचे काम कुठवर आले? धाकटीच्या निकालाबद्दल अभिनंदन, उशिरा का होईना. पम्याला माझा निरोप सांग, काय तो तुला ठाऊक आहे.

मंडळाला महिनाअखेर होय किंवा नाही कळवायचे आहे. फोन करू नकोस, फोनवर तू नुसता हसतोस. लिही, आणि जमल्यास त्या कोपऱ्याचे एक कच्चे रेखाटन पाठव, ऑक्झिंडनच्या मागच्या, तुझ्या हातचे.

तुझा,
अण्णा