लंडनला जाण्याआधी, आई-बाबांना

ती. आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

लंडनची नोकरी मी घेतली. सही करून झाली. फोनवर विषय काढला की आई रडते आणि बाबा नुसतं "हं" म्हणतात, म्हणून लिहितेय.

आधी हे ऐका, मला युद्धावर पाठवणार नाहीत. आंतरराष्ट्रीय डेस्कवर बसून बातम्या तपासायच्या, अँकरला प्रश्न काढून द्यायचे. रात्रपाळी असेल, पण घर ऑफिसपासून जवळ आहे, हीटर आहे, कोपऱ्यावरच्या दुकानात तूरडाळ मिळते. कुकर नेतेच आहे.

बाबा, टीव्हीवरची युद्धवार्ताहर अमानपोर म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे बोस्नियाच्या युद्धातलं सारायेव्होच येतं. पण क्रिस्तियान अमानपोर १९८३ साली सीएनएन या अमेरिकन वृत्तवाहिनीत लागली ती अटलांटाच्या डेस्कवर, साधी मदतनीस म्हणून. बालपणीचं तेहरान क्रांतीमुळे सुटलं होतं. आखाती युद्ध, बोस्निया हे सगळं पुढचं. १९९४ मध्ये तिने सारायेव्होतून उपग्रहामार्फत थेट अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष क्लिंटन यांना विचारलं, बोस्नियाबद्दल तुम्ही सारखी भूमिका बदलता, मग उत्तर कोरियाच्या किम इल सुंगसारखे लोक तुम्हाला कशाला जुमानतील? ते चिडले. असा प्रश्न नुसत्या धाडसाने सुचत नाही हो, त्यामागे वाचन लागतं. ते करायची संधी मला आत्ता मिळतेय, या वयात. नाही कशी म्हणू?

आणि याची गोडी लावली कुणी? शुक्रवारी रात्री दूरदर्शनवर 'द वर्ल्ड धिस वीक' लागलं की तुम्ही मला मांडीवर घ्यायचात, प्रणय रॉयनी देशाचं नाव घेतलं की ॲटलासमध्ये माझं बोट धरून तिथे न्यायचात. डोळे मिटायला लागायचे, तरी मी "अजून एक देश" म्हणायची. आई दूध घेऊन उभी.

आई, आता तुझ्याबद्दल. याच अमानपोरने जून २०२१ मध्ये कार्यक्रमात सांगितलं की तिला अंडाशयाचा कॅन्सर झालाय, ऑपरेशन झालं, केमो चालू आहे. बायकांनो, तपासण्या करा, शरीर काय सांगतंय ते ऐका, असंही म्हणाली. तू दिवाळीपासून म्हणतेस, पोट फुगल्यासारखं वाटतं, दोन घासांत भरतं. आणि ओवा खात बसतेस. घाबरू नको गं, बहुतेकदा साधंच काहीतरी निघतं. पण मावशीच्या वेळेसारखं "बघू नंतर" नको. या आठवड्यातच स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायचं, वहिनी येतेय बरोबर, मी तिच्याशी बोललेय. सोनोग्राफी सांगितली तर त्याच दिवशी करायची. उपास सोडून दे.

बाबा, तुम्ही बीपीची गोळी चहाआधी घ्या आणि रात्री गच्चीवर एकटे जाऊ नका. दर रविवारी तुमच्या जेवणाच्या वेळेला व्हिडिओ कॉल करेन. गणपतीला येणार, रजा आधीच मागून ठेवलीय.

रिपोर्ट हातात आला की लगेच फोटो काढून मला पाठवा. ग्रुपवर नको, मला एकटीला.

तुमची,
मनी