ट्रेलरच्या दिव्यांची पांढरी तार

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. टेक्सासमधल्या तुझ्या ट्रेलरची प्लायवूडची पेटी सांगाड्यावर चढली, आता दिवे बसवायचे म्हणतोस. मग आधी पांढऱ्या तारेचं बोलू. घरी बांधलेल्या ट्रेलरचे दिवे दगा देतात ते बहुतेक वेळा तिच्यापायी.

तिकडच्या चार पिनांच्या चपट्या कनेक्टरमध्ये रंग ठरलेले आहेत. तपकिरी मागच्या आणि बाजूच्या दिव्यांची, पिवळी डाव्या इंडिकेटर-ब्रेकची, हिरवी उजव्या इंडिकेटर-ब्रेकची आणि पांढरी अर्थची, म्हणजे प्रवाह बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणारी. तुझ्या गाडीत ब्रेक आणि इंडिकेटरचे बल्ब वेगवेगळे असतील, तर दोन्ही सिग्नल एकाच तारेत आणणारा कन्व्हर्टर मध्ये लागेल.

बरेच जण पांढरी तार पुढेच सांगाड्याला जोडून मोकळे होतात आणि दिव्याला अर्थ त्याच्या बोल्टमधून मिळेल असं धरून चालतात. तुझे दिवे प्लायवूडवर बसणार, तिथे बोल्टमधून काहीच मिळणार नाही. लोखंडावर बसवले तरी रंग आणि गंज आड येतात. हिचच्या बॉलवर, म्हणजे गाडीमागच्या ज्या गोळ्यावर ट्रेलर अडकतो त्यावर, तर मुळीच विसंबू नकोस, तो ग्रीस लावलेला हलता सांधा आहे. म्हणून पांढरी तार कनेक्टरपासून थेट प्रत्येक दिव्यापर्यंत ने. ती १४ गेजची घे, बाकीच्या १६ च्या चालतील (आकडा लहान तेवढी तार जाड). शिवाय सांगाड्याला एका जागी जोड. तिथला रंग धातू चकाकेपर्यंत खरवड, गोल टर्मिनल आणि दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळ आणि मगच वरून ग्रीस लाव.

अर्थ सुटला की लक्षणं चमत्कारिक दिसतात. साध्या दोन फिलामेंटच्या बल्बमध्ये डाव्या दिव्याचा अर्थ सुटला असेल, तर डावा इंडिकेटर दिला की उजवीकडचा मागचा दिवा मंद लुकलुकतो. डाव्या दिव्यातल्या प्रवाहाला परतीची वाट नसते, म्हणून तो शेजारच्या फिलामेंटमधून तपकिरी तारेत उलटा शिरतो आणि पलीकडच्या दिव्यातून वाट काढतो. लोक मग पिवळी-हिरवी उचकटत बसतात. एलईडी दिवा मात्र असा प्रवाह उलटा जाऊ देत नाही, तो बहुधा नुसता मंदावतो किंवा विझतो.

शंका आली तर एक लांब तार घे, एक टोक दिव्याच्या पांढऱ्या तारेला आणि दुसरं गाडीच्या बॅटरीच्या निगेटिव्हला लाव. दिवा लख्ख झाला तर दोष अर्थचाच. मल्टिमीटर असेल तर दिवे चालू ठेवून दिव्याची पांढरी तार आणि ट्रेलरच्या कनेक्टरची पांढरी तार यांच्यामधला व्होल्टेज मोज. ०.२ व्होल्टच्या वर गेला तर सांधे तपास.

सांध्यांना क्रिंप कनेक्टर (पकडीने चेपून बसवायचे) आणि आत गोंद असलेली हीट श्रिंक नळी (तापवली की आवळणारी) वापर. तार न कापता दाबून बसवायचे क्लिप स्वस्त पडतात, पण त्यांत पाणी शिरून तांबं हिरवं पडतं. सांगाड्यातल्या प्रत्येक भोकाला रबरी ग्रोमेट, म्हणजे कडेला बसणारी कडी, हवाच, नाहीतर हादऱ्यांनी तारेचं आवरण सोलवटतं. जोडदांड्यापाशी तार एवढीच सैल ठेव की वळताना ताणली जाऊ नये आणि रस्त्यालाही घासू नये.

आतले दिवे तपकिरी तारेवर अजिबात चढवू नकोस. त्यांना वेगळी बॅटरी आणि तिच्या पॉझिटिव्हपासून वितीच्या आत फ्यूज.

नंबरप्लेटचा दिवा तिकडच्या बहुतेक डाव्या दिव्यांतच असतो. डावा-उजवा घेताना तेवढं बघ.

तुझा,
अविनाश