एकच गोळी म्हणून मोठीच गोळी कशाला?

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीतला सिंगल शॉट रायफलवरचा लेख वाचला. मराठी पेपरात या विषयाला एवढी जागा मिळाली याचाच आधी आनंद झाला, फोटोही मस्त होते. पण शेवटी कॅलिबरबद्दल, म्हणजे नळीच्या भोकाच्या मापाबद्दल, जो सल्ला दिलाय, की एका वेळी एकच गोळी मिळते म्हणून घ्यायची तर दणदणीत मोठीच घ्या, तो मला अजिबात पटला नाही. तो वाचून कुणी नवीन माणूस पहिलीच रायफल मॅग्नममध्ये, म्हणजे जास्त दारूच्या जोरदार काडतुसात, घेऊन बसला तर वर्षभरात त्याचं नेमबाजीवरून मन उडेल, म्हणून हे पत्र लिहितोय.

आधी साधा हिशोब बघा. .२४३ (हे आकडे इंचातले) ची गोळी ६.२ मिमी जाडीची असते आणि .३०८ ची ७.८ मिमी, म्हणजे फरक सगळा मिळून दीड मिमीच्या थोडा वर. नेम वीतभर हुकला असेल तर तो या दीड मिमीने सुधरत नाही. सिंगल शॉटमध्ये दुसरा बार लगेच टाकता येत नाही हे खरंच आहे, ब्रीच, म्हणजे नळीचं मागचं तोंड, उघडायची, रिकामी पुंगळी काढायची, नवीन काडतूस सरकवायचं, परत गाल दस्त्याला लावून नेम धरायचा, यात वेळ जातोच. पण म्हणूनच पहिली गोळी जागेवर पडायला पाहिजे, आणि ती जागेवर पडते ती माणसाच्या हाताने, नळीच्या भोकाच्या मापाने नाही.

आता धक्क्याचं बघू. साधारण साडेसात-आठ पौंडाच्या रायफलमध्ये .२४३ चा धक्का ९ फूट-पाउंडच्या (धक्क्याची एनर्जी मोजायचं एकक) आसपास येतो, .३०८ चा १६ ते १८, आणि .३०० विंचेस्टर मॅग्नम २५ च्या वर जातं. बरं, सिंगल शॉट त्यातल्या त्यात हलक्या असतात, खास करून मधून मोडून उघडणाऱ्या, आणि लोक त्या घेतातच मुळी हलक्या म्हणून. तेच काडतूस ८ पौंडाऐवजी ६ पौंडाच्या रायफलमधून उडवलं तर धक्क्याची एनर्जी तिसऱ्या हिश्श्याने वाढते, हे दुकानात रायफल हातात घेऊन तोलताना कुणाच्या लक्षातही येत नाही कारण तेव्हा ती छान हलकी वाटत असते.

आणि धक्का म्हणजे नुसता खांदा दुखणं नाही हो. मी पोरांना शिकवतो त्यामुळे हे रोज बघतो. सिंगल शॉटचा एक मोठा फायदा असा की शिकवणारा रायफल स्वतः भरून बंद करून देऊ शकतो, कधी खरं काडतूस, कधी डमी म्हणजे दारू नसलेलं नकली, आणि धरणाऱ्याला आत काय आहे हे कळायला मार्गच नसतो. तो नेम धरतो, श्वास अर्धा सोडतो, चाप दाबतो, आणि आत डमी असेल तर नुसतं टक होतं. त्या टकच्या क्षणी नळीच्या तोंडाकडे बघा. मोठं कॅलिबर घेऊन आलेल्या माणसाची नळी खाली झुकते, डोळे मिटलेले असतात, खांदा पुढे आलेला असतो, धक्का आलाच नाही पण अंग त्याच्या तयारीत आधीच दचकलेलं असतं. खऱ्या गोळीच्या वेळी हे सगळं आवाजात आणि धक्क्यात लपून जातं, मग तो म्हणतो स्कोप हलला असेल, काडतुसांचा लॉट खराब आहे. त्याच माणसाला काही आठवडे .२२, म्हणजे लहान काडतुसाची हलक्या धक्क्याची रायफल, द्या, तीच नळी टकच्या वेळी जागची हलत नाही. ही सवय एकदा अंगात मुरली की काढायला फार जड जाते, म्हणून ती लागूच नये असं कॅलिबर पहिल्यांदा घ्यावं, माझं म्हणणं इतकंच आहे.

.२२ ला लोक लहान मुलांचं खेळणं समजतात त्याचं तर मला फार वाईट वाटतं. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ आणलं तो प्रकार ५.६ मिमीचाच, म्हणजे आपली .२२ लाँग रायफल, आणि तिथे रायफल प्रत्येक शॉटला हाताने भरावी लागते, सिंगल शॉटच. ५० मीटरवर दहाचं वर्तुळ असतं १०.४ मिमीचं. एवढ्याशा जागेत गोळ्या घालायला हे काडतूस पुरतं. आणि गंमत म्हणजे मॅचचं .२२ मुद्दाम हळू ठेवतात, आवाजाच्या वेगाच्या खाली, कारण वेग आवाजाच्या वर जाऊन परत त्याच्या खाली येताना गोळी डगमगते. जास्त वेग म्हणजे जास्त अचूक हे इथेच खोटं ठरतं.

लेखात एक गोष्ट राहूनच गेली ती म्हणजे सिंगल शॉटला मॅगझिन, म्हणजे जादा काडतुसं ठेवायचा कप्पा, नसल्यामुळे निवड कशी मोकळी होते. बोल्ट अ‍ॅक्शनच्या (मागचा दांडा ओढून भरायच्या रायफलच्या) मॅगझिनमध्ये रिमवाली, म्हणजे बुडाला बाहेर आलेली कड असलेली, काडतुसं एकमेकांत अडकतात, म्हणून ती तिथे नकोशी होतात. मोडून उघडणाऱ्या रायफलला उलट रिमच आवडते, एक्स्ट्रॅक्टर रिमखाली सरळ बसतो आणि पुंगळी उचलून देतो. रिम नसलेल्या काडतुसासाठी स्प्रिंगवाला छोटा आकडा लागतो, तो खाचेत अडकावा लागतो, त्यात कचरा बसला की पुंगळी आतच राहते. युरोपात ७×६५आर, ९.३×७४आर ही काडतुसं अजून टिकलीत ती यामुळेच. .३०-३० चं उदाहरण घ्या, १८९५ चं काडतूस, लिव्हर अ‍ॅक्शनच्या नळकांडी मॅगझिनमध्ये गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या प्राइमरला (बुडातल्या ठिणगी देणाऱ्या भागाला) टेकतं म्हणून टोक चपटं ठेवावं लागतं. सिंगल शॉटमध्ये ती भीतीच नाही, स्वतः काडतुसं भरणारा माणूस टोकदार गोळी घालू शकतो, ती हवेत वेग जास्त टिकवते, आणि जुनं म्हणून बाजूला टाकलेलं काडतूस लांबवर चांगलं चालायला लागतं. धक्काही बेताचा. मला हे काडतूस मनापासून आवडतं.

शिवाय मागे बोल्टला लागणारी लांबी वाचते, त्यामुळे रायफलची एकूण लांबी तेवढीच ठेवून नळी चारेक इंच जास्त मिळू शकते, म्हणजे वेगासाठी मोठ्या काडतुसामागे धावायची गरज अजून कमी. .२२३ घेणार असाल तर मात्र नळीचा ट्विस्ट, म्हणजे आतले आटे किती इंचात एक फेरा घेतात ते, विचारून घ्या, १२ इंचाला एक फेरा असेल तर ५५ ग्रेनच्या (गोळीच्या वजनाचं एकक) गोळ्या नीट जातील, ७७ ग्रेनची जाणार नाही, तिला ८ किंवा ७ चा ट्विस्ट लागतो. आणि सगळ्यात आधी बघा की ते काडतूस तुम्हाला नेहमी मिळणार आहे का आणि तुमच्या लायसन्सवर बसतंय का, नाहीतर कितीही सुंदर रायफल असो, कपाटातच राहणार.

आता एक विनंती, आणि ही जरा गंभीर आहे. लेखात लिहिलंय की .४५-७० कुठल्याही सिंगल शॉटमध्ये बिनधास्त चालतं. हे असं छापायला नको होतं. हे काडतूस १८७३ चं, अमेरिकन लष्कराच्या ट्रॅपडोअर स्प्रिंगफील्डसाठी काळ्या दारूवर बनवलेलं, आणि त्याच्या दाबाची मर्यादा आजही २८ हजार पीएसआय (दाबाचं एकक) धरतात, .३०८ ची ६२ हजार असते. १९६० च्या दशकातल्या रुगर नंबर वन सारख्या मजबूत फॉलिंग ब्लॉकसाठी (ब्रीच बंद करणारा ठोकळा खाली सरकून उघडणाऱ्या रायफलसाठी) काही जण याच काडतुसात खूप जास्त दाबाचे लोड, म्हणजे दारू-गोळीचा भरणा, भरतात. कमी दाबाचं आणि जास्त दाबाचं, दोन्ही .४५-७० काडतुसं बाहेरून सारखीच दिसतात, जुन्या रायफलच्या चेंबरमध्ये ते जोरदार काडतूस आरामात बसतं, ब्रीच बंदही होते, आणि बार टाकल्यावर फुटू शकणारी ती ब्रीच तोंडापासून काही इंचांवर असते. कुणाकडे आजोबांच्या वेळची रायफल असेल आणि तो तुमचा लेख वाचून बाजारातलं कुठलंही .४५-७० आणेल, तेव्हा कृपया पुढच्या पुरवणीत त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात दुरुस्ती छापा की जुन्या अ‍ॅक्शनमध्ये (ब्रीच उघडणाऱ्या-बंद करणाऱ्या यंत्रणेत) फक्त कमी दाबाचे लोड वापरायचे, खोक्यावरची सूचना वाचायची, आणि रायफल आधी जाणकार गनस्मिथला दाखवायची.

आपला,
एक नेमबाज वाचक