मार्चचा बेत बदलावा, ही विनंती

मे हाँग सॉन, थायलंड
२० ऑगस्ट

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

तुमचे पत्र पोहोचले. मार्चमध्ये इकडे येण्याचा तुमचा विचार वाचून आनंद झाला, आणि पाठोपाठ धास्तीही वाटली. ‘ज्या गावात कारखाना नाही, तिथे माझ्या दम्याला कसली भीती?’ असे तुम्ही विचारले आहे. प्रश्न रास्त आहे. म्यानमारच्या सीमेलगतच्या या जिल्ह्याचा ८० टक्क्यांहून अधिक भाग जंगलाखाली आहे आणि गावात वाहनेही बेताचीच आहेत. तरीसुद्धा फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत येथील हवा साऱ्या देशातील अत्यंत वाईट हवेत गणली जाते, आणि त्याला गावाच्या स्वतःच्या धुरापेक्षा गाव जिथे वसले आहे ती जागा अधिक जबाबदार आहे.

हे गाव एका खोलगट दरीत आहे. चहूबाजूंनी डोंगर आहेत. कोरड्या ऋतूत रात्री आकाश निरभ्र असते, जमीन झपाट्याने निवते आणि उतारांवरची गार, जड हवा पाणी उतरावे तशी दरीत येऊन साचते. तिच्यावर तुलनेने उबदार हवेचा थर पसरतो आणि भांड्यावर झाकण बसावे तशी खालची हवा कोंडली जाते. वारा असा नसतोच. सकाळी ऊन चढून जमीन तापल्यावरच हे झाकण उघडते. जानेवारीत या कोंडलेल्या हवेत केवळ बाष्प असते, म्हणून पहाटे दरी पांढऱ्याशुभ्र धुक्याने भरते आणि ते पाहायला दूरवरून लोक येतात. मार्चमध्ये त्याच झाकणाखाली धूर असतो. थाई लोक या गावाला ‘तीन धुक्यांचे नगर’ म्हणतात: पावसाळ्याचे, हिवाळ्याचे आणि उन्हाळ्याचे. हे तिसरे धुके म्हणजे निव्वळ धूर आहे, हे मात्र पर्यटकांना फारसे कोणी सांगत नाही!

हा धूर येतो जंगलातून आणि शेतांतून. येथील जंगल बव्हंशी पानगळीचे आहे. जानेवारीनंतर साग आणि इतर वृक्षांची पाने गळून जमिनीवर वाळक्या पाल्याचा जाड थर साचतो, आणि तो एकदा पेटला की आग जमिनीलगत दिवसेंदिवस धुमसत सरकत राहते. डोंगरउतारावरची शेते पेरणीपूर्वी भाजतात. जाळलेल्या जमिनीत पावसाळ्याच्या तोंडाशी अळंबी चांगली उगवते, या समजुतीनेही पाला पेटवला जातो. शिवाय सीमेपलीकडे, म्यानमारच्या डोंगरांतही याच दिवसांत आगी असतात आणि तो धूरही इकडे येतो. शहरातले लोक सगळा दोष डोंगरी शेतकऱ्यांवर टाकून मोकळे होतात, ते मला पटत नाही. त्या उतारांवरच्या मक्याचे पशुखाद्य होते आणि त्यावर पोसलेली कोंबडी शहरातच खपते.

तुमच्या दृष्टीने महत्त्वाचे ते असे, की या धुरातील अडीच मायक्रॉनहून लहान कण, म्हणजे केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या हिश्शाएवढे, नाकात न अडकता थेट फुफ्फुसांच्या तळापर्यंत जातात. चोवीस तासांच्या सरासरीसाठी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस दर घनमीटरला १५ मायक्रोग्रॅमची आहे, थायलंडने २०२३ पासून ३७.५ ही मर्यादा ठरवली आहे आणि आपल्याकडे ती ६० आहे. येथे मार्चमध्ये हा आकडा शंभरापुढे जाणे ही नवलाची गोष्ट नाही. एरवी माझ्या खिडकीतून दोई काँग मू टेकडीवरचे पांढरे स्तूप स्पष्ट दिसतात. त्या दिवसांत टेकडी कोणत्या बाजूला आहे हेसुद्धा अंदाजाने सांगावे लागते. दृश्यमानता कमी झाली की विमानेही रद्द होतात. उन्हाळ्यात दरी तापतेही भयंकर: २८ एप्रिल २०१६ रोजी येथे ४४.६ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले होते.

मेच्या मध्यास नैर्ऋत्य मोसमी वारे आले की हे सारे पालटते. पावसाने हवा धुऊन निघते असे आपण म्हणतो, परंतु इतके बारीक कण थेंबांच्या कचाट्यात सहजी सापडत नाहीत. खरा फरक पडतो तो ओला पाला पेटेनासा होतो म्हणून आणि समुद्रावरची स्वच्छ हवा दरीत शिरते म्हणून. आज सकाळीच मोठी सर येऊन गेली. आता टेकडीवरचे झाडन् झाड मोजता येईल.

तेव्हा तुम्ही आणि आईने मार्चऐवजी नोव्हेंबरच्या उत्तरार्धात यावे. पावसाळ्यातही हवा चांगली असते, परंतु चिआंग माई शहराहून पाई गावामार्गे येणाऱ्या डोंगरी रस्त्याला शेकडो वळणे आहेत, आणि दरडी कोसळण्याच्या दिवसांत त्यांतले एकही मला तुम्हाला दाखवायचे नाही. नोव्हेंबरमध्ये पहाटे धुके असेल, पण ते नुसते पाण्याचे असेल. ऊन वर येईपर्यंत घरात बसावे, मग फिरायला निघावे. डॉक्टरांना विचारून तारखा कळवाव्यात, म्हणजे मी तिकिटांचे पाहते.

आईस सा. नमस्कार.

आपली,
मुक्ता